मेमरीतली जुनी प्रत

मावशी ज्या पॅकहाऊसमध्ये द्राक्षं निवडायला जायची, तिथलं काम आमच्या ऑफिसला मिळालं हे कळलं तेव्हा मला आनंद झाला नाही, भीती वाटली. मी टेस्टिंग करायचे. म्हणजे दुसऱ्याने लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये चूक कुठे लपली आहे ते शोधायचं. दिवसभर चुकाच बघणाऱ्या माणसाला आपलं माणूस एखाद्या प्रोग्रॅमच्या भरवशावर असलेलं आवडत नाही. पण हे बोलून दाखवायची हिंमत नव्हती. बी.एस्सी. करून नुकतीच नोकरीला लागले होते, आणि नाशकात तेव्हा संगणकाच्या नोकऱ्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. माझ्याबरोबरचे सगळे पुण्याला गेले होते.

आमचं ऑफिस कॉलेज रोडवर, झेरॉक्सच्या दुकानावरच्या मजल्यावर. मालकांना आम्ही सर म्हणायचो. ते पूर्वी अंबडच्या एका कारखान्यात होते. यंत्रांना संगणक जोडायचं काम त्यांना येत होतं. आमचा प्रोग्रॅमर देवळाली कॅम्पचा. वडील फौजेत. तोफांचे आवाज ऐकत वाढल्यामुळे की काय, तो कशालाच दचकायचा नाही. मी दाराची कडी वाजली तरी दचकायचे. तो हसायचा आणि म्हणायचा, टेस्टिंगला अशीच माणसं लागतात.

मावशीबद्दल सांगायला हवं. आई गेली तेव्हा मी शाळेतही जात नव्हते. मावशीने मला निफाडजवळच्या तिच्या गावी नेलं आणि वाढवलं. तिला स्वतःचं मूल नव्हतं. हंगामात ती पॅकहाऊसला जायची आणि बायकांच्या टोळीची मुकादम होती. परदेशी जाणारी द्राक्षं तिथे येत. बायका हॉलमध्ये लांब टेबलांशी बसून बारीक कात्रीने घडातले खराब मणी काढत, घड पेट्यांत भरत. पेट्या मग थंड खोल्यांमध्ये जात. त्या खोल्यांची थंडी मागच्या यंत्रघरातून येणाऱ्या अमोनियावर चालायची.

अमोनिया म्हणजे काय ते मला कॉलेजच्या प्रयोगशाळेतून माहीत होतं. बाटलीचं बूच उघडलं तरी डोळ्यांत पाणी यायचं. इथे तो मोठ्या टाक्यांत आणि भिंतीभर फिरणाऱ्या नळ्यांत होता, आणि भिंतीच्या अलीकडे माझी मावशी बसलेली असायची.

आदल्या महिन्यात तिथे थोडा गॅस सुटला होता. कुठल्याशा जोडातून झिरपला. हॉल आणि थंड खोल्यांच्या मधल्या मार्गिकेत छताजवळ गॅस ओळखणारा सेन्सर होता आणि तो तिथल्या ऑफिसातल्या संगणकाला जोडलेला होता, पण भोंगा फार उशिरा वाजला. तोवर बायका डोळे चोळत बाहेर आल्या होत्या. चौकशी केल्यावर कळलं की प्रोग्रॅममध्ये गॅसची मर्यादा फारच वर ठेवलेली होती. भोंगा उगाच वाजतो आणि काम थांबतं, म्हणून कुणीतरी ती वर नेली होती. ती खाली आणायची, हे आमचं काम.

काम लहान होतं. प्रोग्रॅम म्हणजे एक सलग लांबलचक लिखाण नसतं, त्याचे वेगवेगळे भाग असतात. त्यांना मॉड्यूल म्हणतात. या प्रोग्रॅममध्ये एक भाग स्क्रीनवर आकडे दाखवायचा, एक थंड खोल्यांच्या तापमानाची नोंद ठेवायचा, एक भोंगा वाजवायचा. गॅस मर्यादेच्या वर गेला का हे ठरवणारा भाग निराळा होता, आणि स्क्रीन काय नि भोंगा काय, दोघंही त्यालाच विचारायचे. प्रोग्रॅमरने त्या भागात बदल केला. मी ऑफिसात बसून तो तपासला. खोटे आकडे टाकले. जुन्या मर्यादेच्या खालचे पण नव्या मर्यादेच्या वरचे आकडे मुद्दाम टाकले. प्रत्येक वेळी स्क्रीन लाल झाला आणि टेबलावरचा छोटा भोंगा वाजला. सरांनी आम्हाला दोघांनाही निफाडला पाठवलं.

आम्ही सीबीएस स्टँडवरून एसटीने गेलो. प्रोग्रॅमर वाटेत झोपला. मी खिडकीतून बागा बघत बसले. काढणी जोरात होती, बांधाबांधाला क्रेट भरलेल्या पिकअप उभ्या होत्या. सगळं ठीक चाललं असताना मला जशी भीती वाटते तशी वाटत होती, म्हणून तिच्याकडे मी फारसं लक्ष दिलं नाही.

पॅकहाऊसच्या मॅनेजरने पहिल्याच वाक्यात सांगितलं की प्रोग्रॅम बंद करायचा नाही. खोल्या मालाने भरलेल्या होत्या. परदेशातला व्यापारी तापमानाची सलग नोंद मागतो, त्यात खंड दिसला तर माल नाकारतो. प्रोग्रॅमर म्हणाला, बंद करायची गरजच नाही, चालत्या प्रोग्रॅममध्येच नवा भाग घेता येतो. त्याने नवी फाइल जुनीच्या जागी ठेवली आणि तो भाग पुन्हा लोड करायची आज्ञा दिली. चुटकीसरशी झालं.

मग मी तपासायला बसले. ऑफिसात टाकलेलाच आकडा टाकला. स्क्रीन लाल झाला. भोंगा वाजला नाही.

मी पुन्हा टाकला. पुन्हा लाल. पुन्हा शांतता. खिडकीबाहेर मजूर क्रेट उतरवत होते आणि त्यांच्या बोलण्याचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता, इतकी शांतता.

भोंग्यासाठी भिंतीवर एक बटण होतं. प्रोग्रॅमरने ते दाबलं. भोंगा असा कोकलला की हॉलमधल्या बायका दारापर्यंत आल्या. मॅनेजर धावत आला आणि चिडून म्हणाला की संध्याकाळी कंटेनर निघायचा आहे, आता हे पुन्हा वाजवू नका. प्रोग्रॅमरने माझ्याकडे बघून खांदे उडवले. भोंगा चांगला आहे, मॉड्यूलही नवं आलं आहे, म्हणजे मधली वायर सैल असणार, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं की बटणाची वायर वेगळी आहे, त्यावरून काहीच कळत नाही.

"नवं मॉड्यूल आलं नसतं तर स्क्रीन लाल झाला असता का?" त्याने विचारलं. "डोळ्यांनी बघतेयस ना तू?"

डोळ्यांनी बघत होते हे खरंच. मी मॅनेजरकडे जाऊन विचारलं, पाच मिनिटं प्रोग्रॅम पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करता येईल का. तो नाही म्हणाला. त्याने ते सरळपणे सांगितलं. त्याच्या दृष्टीने बरोबरच होतं. प्रोग्रॅमरने इलेक्ट्रिशियनला बोलावलं आणि जेवणानंतर वायर बघायचं ठरलं.

जेवायला मी मावशीजवळ गेले. बायका शेडखाली डबे उघडून बसल्या होत्या. मावशीने भाकरी आणि ठेचा माझ्यासाठीही आणला होता. बाकीच्यांना ती सांगत होती की ही माझी पोरगी, हिनंच भोंगा नीट केलाय. मला ते ऐकवेना. मी तिला हळूच विचारलं, आत कसला वास येतो का.

"वास तर रोजचाच हाय," ती म्हणाली. "त्या कागदाचा."

द्राक्षाच्या पेटीत एक औषधी कागद घालतात, घड टिकावेत म्हणून. त्याला गंधकासारखा उग्र वास असतो. हॉलमध्ये असे कागद गठ्ठ्याने पडलेले असत, आणि बायकांच्या नाकांना त्याची सवय होऊन गेली होती. आता लिहितानाही मला त्या वाक्याने कसंतरी होतं. नाकाचा पहारा तिथे नव्हताच. होता तो फक्त सेन्सरचा.

बायका आत गेल्या. मी पॅकहाऊसच्या ऑफिसात परतले. प्रोग्रॅमर तिथे नव्हता, इलेक्ट्रिशियनबरोबर मागे भोंग्याच्या डब्यापाशी गेला होता. संगणकासमोरची खुर्ची रिकामी होती आणि स्क्रीन लाल होता.

मला वाटलं मघाचाच आकडा पुसायचा राहिला. खुर्चीत बसले, खोटा आकडा टाकायची चौकट उघडली. ती रिकामी होती. स्क्रीनवरचा आकडा मी टाकलेला नव्हता. मी बघत होते तेवढ्यात तो बदलला आणि वाढला. पुन्हा वाढला.

भीती वाटली की माणूस पळतो असं म्हणतात. मी पळाले नाही. मी बसून राहिले. किती वेळ ते सांगता येणार नाही, फार नसावा, पण त्या वेळात मी भोंग्याची वाट बघत होते. स्क्रीनला कळलं आहे, मग भोंग्यालाही कळेल, आत्ता वाजेल, असं मनात चाललं होतं. आकडा चढत होता, आणि जुन्या मर्यादेपासून अजून लांब होता. मग डोक्यात लख्ख झालं. भोंगा जुन्या मर्यादेची वाट बघत होता. का ते मला कळलं नव्हतं, पण आकडा तिथपर्यंत जाईस्तोवर तो तोंड उघडणार नाही एवढं कळलं.

उठून भिंतीवरचं बटण दाबलं. काही झालं नाही. पूर्ण जोर लावून दाबलं. नाही. मागे त्या दोघांनी वायर तपासायला भोंगा सोडवून ठेवला होता.

मग पळाले. अंगणातून, क्रेटच्या थप्प्यांमधून. वाटेत मॅनेजर दिसला, त्याला गॅस एवढंच म्हणाले आणि यंत्रघराकडे हात केला. तो वळलेला दिसला. हॉलच्या माल चढवायच्या मोठ्या दारातून आत शिरले. आत पंख्यांची घरघर, बायकांचं बोलणं, टोप्या घातलेल्या डोक्यांच्या रांगा. मी ओरडले. निदान मला वाटलं मी ओरडले. आवाज फुटलाच नव्हता. जवळच्या दोघींनी वर बघितलं आणि पुन्हा मान खाली घातली.

मावशी पलीकडच्या टोकाला, मार्गिकेच्या दारालगत उभी होती. म्हणजे गॅसच्या सगळ्यात जवळ. मी तिच्यापर्यंत गेले आणि तिचा दंड धरला.

"मावशी, गॅस. बाहेर काढ सगळ्यांना."

तिने माझ्याकडे बघितलं. काय, कुठे, कसा, काही विचारलं नाही. टेबलावरचा रिकामा क्रेट उचलून तिने दाणकन आपटला.

"उठा गं. कात्र्या टाका आन् बाहेर व्हा."

तिचा आवाज सगळ्या हॉलला पोचला. बायका उठल्या. आणि जे मला सुचलं नव्हतं ते घडलं. त्या मोठ्या दाराकडे न जाता आमच्याकडे येऊ लागल्या, कारण चपला नि पिशव्या मार्गिकेत ठेवायचा नियम होता. रोज त्याच दाराने आत, त्याच दाराने बाहेर. पहिलीने दार उघडलं तेव्हा वास आत आला. तो कागदाचा नव्हता. प्रयोगशाळेतल्या बाटलीचा होता, पण नाकात खिळा ठोकावा तसा. ती बाई मागे कोलमडली.

मावशी त्या दारात जाऊन उभी राहिली. पदर तोंडाला लावला, दुसरा हात चौकटीला, आणि बायकांना पायाने, कोपराने मागे लोटायला लागली. एकजण रडत म्हणत होती की माझी पिशवी आहे आत, त्यात पोराचं औषध आहे. मावशीने तिला ढकललं. दार लावून घ्यायला जावं तर पडलेली बाई उंबऱ्यात होती. मी तिच्या काखेत हात घालून ओढलं. माझे डोळे मिटले गेले, उघडता येईनात, श्वास घेतला तर छातीत आग शिरली. ती बाई कधी हलली मला कळलं नाही. दार बंद झाल्याचा आवाज ऐकला. मग कुणीतरी माझ्या ओढणीला धरून ओढलं. मावशीच असावी. आम्ही टेबलांना धडकत, सांडलेल्या द्राक्षांवरून घसरत मोठ्या दाराशी आलो.

बाहेर बायका रस्त्याकडे पळत होत्या आणि वारं नेमकं त्याच बाजूला होतं. यंत्रघराचा ऑपरेटर तोंडाला मास्क बांधता बांधता ओरडून सांगत होता की उलट्या बाजूला जा, बागेत जा. सगळ्या बागेत शिरल्या. ओळींमध्ये वाकून, ओकत, खोकत. कुणीतरी फवारणीच्या पाण्याची टाकी उघडली आणि आम्ही ओंजळीने डोळ्यांवर पाणी मारत राहिलो. प्रोग्रॅमर पळत आला. हातात अजून स्क्रू ड्रायव्हर होता. त्याने मला विचारलं, आत कुणी राहिलं का. मला माहीत नव्हतं. मावशी डोळे मिटलेलेच ठेवून बायकांची नावं घेत होती, आणि एकेक जण हो म्हणत होती. एका नावाला उत्तर आलं नाही. तिने पुन्हा हाक मारली. मग ओळीच्या टोकाकडून खोकत कुणीतरी म्हणालं, हाय मी, हितंच हाय.

ऑपरेटर व्हॉल्व्ह बंद करून बाहेर आला आणि जमिनीवर बसला. कुणी मेलं नाही. हे मी आधीच सांगायला हवं होतं, पण त्या दुपारी ते आम्हाला माहीत नव्हतं.

सगळ्यात वाईट मावशीचं झालं होतं. तिला आणि उंबऱ्यात पडलेल्या बाईला जीपमध्ये घालून निफाडच्या दवाखान्यात नेलं. मावशीचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ती डोळे उघडत नव्हती आणि तिच्या घशातून शिट्टीसारखा आवाज येत होता. मी ओली ओढणी तिच्या डोळ्यांवर धरून बसले होते आणि मनात एकच चाललं होतं, हिला दिसलं नाही तर. डॉक्टरांनी डोळे पुन्हा पुन्हा धुतले, औषध घालून पट्टी बांधली, आणि उद्या पट्टी काढल्यावरच सांगता येईल म्हणाले. मी विचारलं, नक्की काय सांगता येईल. ते म्हणाले, किती दिसतं ते.

पट्टी काढली तेव्हा मी तिच्यासमोर उभं राहायला तयार नव्हते. बाजूला उभी राहिले. तिने मान वळवून मला शोधलं.

"दिसतंय गं," ती म्हणाली. "अंधुक हाय, पन दिसतंय. रडू नगं."

हळूहळू तिची नजर परत आली. आवाज मात्र पुरता आला नाही. पूर्वी ती शेताच्या एका टोकावरून हाक मारायची ती दुसऱ्या टोकाला पोचायची. त्यानंतर तिच्या आवाजाला कायमची चीर पडली.

आठवडाभराने मी आमच्या ऑफिसात गेले. प्रोग्रॅमर आणि सर माझी वाट बघत होते. तोवर त्यांनी कशाला हात लावला नव्हता. सरांनी सांगितलं की निफाडला जे जसं केलं ते तसंच इथे करायचं. म्हणून आधी जुन्या मॉड्यूलसकट प्रोग्रॅम सुरू केला. तो तसाच चालू ठेवून फाइल बदलली. पुन्हा लोड करायची आज्ञा दिली. मी आकडा टाकला. स्क्रीन लाल झाला. टेबलावरचा भोंगा गप्प राहिला. आम्ही तिघं त्या छोट्या भोंग्याकडे बघत बसलो.

कारण सापडायला मग वेळ लागला नाही. प्रोग्रॅम सुरू होताना प्रत्येक मॉड्यूल डिस्कवरून एकदाच वाचलं जातं आणि त्याची प्रत मेमरीत ठेवली जाते. त्या साठ्याला कॅश म्हणतात. वेळ वाचावा म्हणून ही सोय. स्क्रीनचा भाग दर वेळी साठ्याकडे नव्याने विचारायचा, त्यामुळे त्याला नवी प्रत मिळाली. भोंग्याच्या भागाने मात्र सुरू होतानाच प्रत मागून स्वतःजवळ ठेवली होती. पुन्हा लोड करायच्या आज्ञेने साठ्यातली प्रत बदलली, भोंग्याच्या हातातली नाही. एकाच प्रोग्रॅममध्ये दोन मर्यादा जगत होत्या. आणि ऑफिसात ते कधी दिसणं शक्यच नव्हतं, कारण इथे मी दर वेळी प्रोग्रॅम नव्याने सुरू करून तपासायचे. इथे जुनी प्रत उरतच नव्हती.

प्रोग्रॅमरने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग म्हणाला, "तू बंद करायला सांगत होतीस."

मला राग येत नव्हता. मला त्या संगणकाची भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त या गोष्टीची की डोळ्यांनी बघितलेलं खरं असूनही अर्धंच असतं.

सरांनी त्यानंतर नियम घातला. कुठलाही बदल तपासण्याआधी मेमरीतल्या सगळ्या प्रती टाकून द्यायच्या आणि प्रत्येक मॉड्यूल डिस्कवरून ताजं वाचायचं. प्रत्येक भागाने आपल्याजवळ कुठली आवृत्ती आहे ते स्क्रीनवर दाखवायचं. सगळ्यांचं उत्तर एक आलं तरच पुढची तपासणी मोजायची. याने काम फार हळू झालं. मी तक्रार केली नाही. उलट एवढ्यानेही माझं समाधान होत नसे. सगळं तपासून घरी निघाले की जिन्यातून परत वर जाऊन पुन्हा बघायचे.

पॅकहाऊस पुन्हा सुरू करायचं ठरलं तेव्हा खोल्या रिकाम्या होत्या. नळ्यांचे जोड बदलले होते, चपला ठेवायची जागा मोठ्या दाराबाहेर आणली होती. या वेळी मॅनेजरने स्वतःच प्रोग्रॅम बंद करायला सांगितलं. आम्ही सगळं नव्याने लोड केलं. सगळ्या भागांनी एकच आवृत्ती सांगितली. पण बायका आत जाईनात. अंगणात उभ्या राहिल्या. मॅनेजर समजावून थकला. शेवटी त्यांच्यातली एक वयस्कर बाई पुढे झाली.

"भोंगा आमच्या म्होरं वाजवा," ती म्हणाली. "बटनानं नाय. वासानं. आन् ही पोरगी आत बसंल, तर आमी बसू."

मी तिथे उभी होते. नाही म्हणता येण्यासारखं नव्हतं, म्हणून भीत भीत हो म्हटलं.

ऑपरेटरने अमोनियाच्या पाण्यात भिजवलेलं फडकं काठीला बांधलं आणि मार्गिकेतल्या सेन्सरखाली धरलं. दारं उघडी होती, बायका लांबून बघत होत्या. मला आधी काहीच ऐकू आलं नाही. मग भोंगा वाजला. गॅस बाहेर ओढणारे पंखे सुरू झाले. त्या बाईने मान हलवली आणि टोपी डोक्यावर चढवली.

आम्ही आत गेलो. मावशी माझ्यापुढे होती. डॉक्टरांनी तिला आणखी काही दिवस विश्रांती सांगितली होती, पण मी आत बसणार म्हटल्यावर ती घरी थांबली नाही. तिने मला तिच्या शेजारच्या स्टुलावर बसवलं. हॉलमध्ये त्या कागदाचा वास होता. मी सारखी नाकाने हुंगत होते, हा कागदाचाच का, हा कागदाचाच का. भिंतीपलीकडे यंत्राचा आवाज बदलला की माझे हात थांबायचे. इतर बायकांचेही थांबायचे. सगळ्यांच्या माना एकदम त्या दाराकडे वळायच्या, मग कुणीतरी खाकरायचं आणि कात्र्या पुन्हा चालू व्हायच्या. कुणी फारसं बोलत नव्हतं.

मावशीने माझ्या हातात कात्री दिली.

"नुसती बसू नगं," ती त्या चिरलेल्या आवाजात म्हणाली. "हात चालव. हात चालला की जीव जरा थाऱ्याव येतो."

मी एक घड घेतला. लहानपणी तिच्याजवळ बसून शिकले होते, तरी पहिल्याच फटक्यात चांगले मणी कापले गेले. तिने घड माझ्या हातातून काढून घेतला, नीट केला, दुसरा दिला. असा तो दिवस गेला. भोंगा वाजला नाही. मला मात्र दिवसभर वाटत होतं की न वाजणं म्हणजे काय हे मला आता कधीच कळणार नाही, सगळं ठीक आहे की कुणालातरी कळलंच नाही. संध्याकाळी बाहेर आलो तेव्हा माझी पाठ घामाने चिकटली होती, त्या थंड हॉलमध्ये.

पुढच्या वर्षी हंगाम आला आणि मावशी पुन्हा तिथे निघाली. मी नको म्हणून हट्ट धरला. आता माझा पगार होता, तिने घरी बसावं असं मला वाटत होतं. तुला तिथे भीती नाही वाटत का, असं मी तिला विचारलं.

ती डबा बांधत होती. "वाटतं की भ्या," ती म्हणाली. "म्हनून तर आता त्या गॅसच्या दाराकडं तोंड करून बसते."

तिने पदर खोचला आणि रस्त्यावर टेम्पोचा हॉर्न वाजला तशी निघाली.